घरफाळ्याची माहिती मागताना नाव नको, आकडा मागा

मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत घरफाळा अचानक वाढला, तेव्हा मी रागाच्या भरात माहिती अधिकारात शेजारच्या बंगल्याच्या मालकाचं आयकर विवरणपत्रच मागितलं होतं. अर्ज फेटाळला गेला, आणि तो बरोबरच फेटाळला. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की, विवरणपत्र ही वैयक्तिक माहिती आहे. व्यापक सार्वजनिक हित दाखवल्याशिवाय ती मिळत नाही. माझंही विवरणपत्र कुणी असं चाळलेलं मला चालणार नाही.

मग अर्ज कसा करायचा? जोडपत्र 'अ', म्हणजे माहिती अधिकाराच्या अर्जाचा नमुना घ्या, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. एका अर्जात एकच विषय, तोही 150 शब्दांत. मी दुसऱ्या अर्जात लिहिलं: "आमच्या प्रभागातील घरफाळा आकारणीचे दर, ते ठरवणाऱ्या ठरावाची प्रत, आणि मागील तीन वर्षांची एकूण मागणी, वसुली व थकबाकी." कुणाचंही नाव नाही. व्यवहार सरकारचा, माणूस झाकलेला.

शेवटची ओळ मात्र विसरू नका: "कागदात वैयक्तिक तपशील असल्यास कलम 10 प्रमाणे तो वगळून उरलेली प्रत द्यावी." या एका ओळीमुळे अख्खी फाईल नाकारणं अवघड होतं.

पोच घ्या, त्यावर शिक्का आणि तारीख बघा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं, तर पुढच्या 30 दिवसांत प्रथम अपील करा. पोच नसली की तिथंच गाडी अडते.