गेटपासून पोर्चपर्यंत: अंगणातल्या काँक्रीटचं डिझाइन कसं निवडावं

माझ्या घरासमोरचं काँक्रीट फोटोत फार देखणं दिसतं. दगडी फरशीचा छाप, कडेला गडद पट्टा, वर चकचकीत सीलर, म्हणजे पाणी-डाग अडवणारा लेप. जूनमध्ये पाऊस लागला की त्याच काँक्रीटवरून आई कंपाउंडची भिंत धरून गेटपर्यंत जाते, आणि हे दसऱ्यापर्यंत चालतं. नक्षी मी डिसेंबरात निवडली होती, कोरड्या उन्हात, मोबाइलवर बघून. चूक तिथंच झाली. त्यामुळं बेळगाव, खानापूर, निपाणीकडं कुणी घर बांधत असेल आणि समोर डिझाइनचं काँक्रीट करायचं म्हणत असेल, तर मी आधी कॅटलॉग मिटवायला सांगतो.

आधी पाणी कुठं जातं ते बघा

जोराचा पाऊस चालू असताना छत्री घेऊन गेटात दहा मिनिटं उभं राहा. गच्चीचे पाइप कुठं पडतात, रस्त्याचं पाणी आत येतं का, कुठल्या कोपऱ्यात थारोळं साचतं, हे सगळं दिसतं. पावसाळा सरला असेल तर पोर्चच्या पायरीशी बागेचा पाइप सोडा आणि पाणी वळेल तिथं फक्की टाकून खूण करा.

ढाळ घराकडून बाहेर हवा, फुटाला पाव इंच. म्हणजे 30 फुटांच्या वाटेला साडेसात इंचांचा फरक. गवंड्याकडून पाण्याच्या नळीनं लेव्हल काढून घ्या, डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका. जुन्या गल्ल्यांत एक वेगळीच पंचाईत असते: रस्ता दरवेळी नवीन होताना चार बोटं वर येतो आणि घर खाली राहतं. तिथं ढाळ बाहेर काढता येत नाही. मग गेटच्या आतल्या बाजूला आडवी जाळीची मोरी घ्या आणि ती कडेच्या गटाराला जोडा. रॅम्प मात्र स्वतःच्या हद्दीत ठेवा. गटारावर चढवलेला रॅम्प गटार उपसायच्या वेळी आधी फोडला जातो, आणि तुमची नक्षीही त्याच्याबरोबर जाते.

या सगळ्याचा डिझाइनशी थेट संबंध आहे. खोल छापाच्या खाचांत पाणी थांबतं, पाणी थांबलं की माती आणि शेवाळ धरतं. दहा फुटांना एक फुटापेक्षा जास्त चढ असेल तर गुळगुळीत छाप विसराच. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला पाऊस चार महिने उसंत देत नाही, तिथं मी सपाट वाटेवरही सीलरची चकाकी टाळेन. अथणी-रायबागकडं पाऊस कमी. त्या बाजूला छापाचं काँक्रीट बरंच निभावतं, तिथला त्रास वेगळा आहे.

मग माती

तो त्रास म्हणजे काळी माती. पूर्वेकडच्या तालुक्यांत आणि नदीकाठी ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट काँक्रीट टाकलं तर दोन उन्हाळ्यांत वरच्या नक्षीतून आडवीतिडवी चीर जाते. खानापूर आणि बेळगावच्या पश्चिमेला तांबडी, जांभ्याची माती आहे. ती बरीच स्थिर असते, पण तिथंही भराव टाकलेला असेल तर तो बसतोच.

माझ्या गवंड्यानं हे एका वाक्यात सांगितलं होतं, मी ऐकलं नाही: “मालक, नक्षी वरची दोन सूत असतीय. फुटायचं ते खालनं फुटतंय की.”

काळ्या मातीत किमान फूट-दीड फूट खणून माती काढा. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरानं टाका, प्रत्येक थर पाणी मारून दाबा. त्यावर सोलिंग, म्हणजे दगड रचून केलेला थर, मग काँक्रीट. कार आणि दुचाकीसाठी चार इंच जाडी पुरते. घरात ऊसाची ट्रॉली येणार असेल, नाहीतर शेजारच्या शेतातली गाडी तुमच्याच अंगणात वळणार असेल, तर सहा इंच धरा आणि छाप-बिप सोडून द्या. भरलेल्या ट्रॉलीखाली छापाचे उंचवटे टिकत नाहीत.

हिशोबासाठी सोपं गणित सांगतो. 10 फूट रुंद, 30 फूट लांब, चार इंच जाड म्हणजे बरोबर 100 घनफूट, एक ब्रास काँक्रीट. एम-20 ला, म्हणजे सिमेंट, वाळू, खडी यांच्या 1:1.5:3 च्या मिश्रणाला, साधारण 23 पोती सिमेंट लागतं. कुणी पंधरा पोत्यांत भागवतो म्हणाला तर भाव करत बसू नका, दुसरा माणूस बघा.

आता फिनिश

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी कौतुक होणारं फिनिश म्हणजे झाडूचं. काँक्रीट घट्ट व्हायला लागलं की कडक झाडू आडवा ओढतात, बारीक रेघा उठतात. चाक घसरत नाही, पाय घसरत नाही. आमच्याकडं याला कुणी डिझाइन मानत नाही. पण एका पट्ट्यात रेघा आडव्या, दुसऱ्यात उभ्या ओढल्या तर चटईच्या विणीसारखं दिसतं आणि वेगळा खर्च काही नाही.

दुसरं, खडी उघडी ठेवलेलं. काँक्रीट ओतल्यावर वरच्या थराचं जमणं लांबवणारं रसायन फवारतात आणि नंतर ब्रश व पाण्यानं वरची दोन-तीन मिलिमीटर लगदी धुऊन काढतात, खाली खडी दिसते. साखरेनंही सिमेंटचं जमणं लांबतं. ऊसपट्ट्यात राहून ही गोष्ट माहीत असलेली बरी, म्हणजे साखरेच्या गोण्या आणि गुळाची घमेली मिक्सरपासून लांब राहतात. या फिनिशला गोल, बारीक गोटे घ्या, 10-12 मिलिमीटरचे. आपल्याकडची काळी फोडलेली खडी दिसायला छान, पण तिला धार असते. सकाळी अनवाणी तुळशीला पाणी घालायला जाणाऱ्यांना विचारा. धुतलेलं पाणी गटारात सोडू नका, सिमेंट तिथंच बसतं.

तिसरं, छापाचं. ओल्या काँक्रीटवर रंगाची पावडर पसरून रबरी साचे दाबतात: फरशी, विटा, गोल कमानी, लाकडी फळ्या. महाग आणि कारागिरावर पूर्ण अवलंबून. एका टोकाचं काँक्रीट जमलं आणि दुसरं ओलं राहिलं की छाप एकीकडं उथळ, दुसरीकडं खोल उठतो. यावर सीलर लागतोच आणि तो दोन-तीन वर्षांनी परत मारावा लागतो. मारताना त्यात घसरण थांबवणारी बारीक ग्रिट मिसळायला सांगा. माझ्याकडं ती मिसळली नव्हती, एवढंच.

जागा आणि पैसे दोन्ही कमी असतील तर चाकांपुरते अडीच-अडीच फुटांचे दोन पट्टे करा, मध्ये अडीच फूट मोकळं. मोकळ्या भागात हरळी नाहीतर गोटे. लहान कारची चाकं यावर नीट बसतात, पाणी जमिनीत मुरतं. तांबड्या मातीत हे मला सगळ्यात आवडतं. मात्र घरात स्कूटर शिकणारं कुणी असेल तर थांबा.

मला आज परत करायचं असतं तर मधलं सगळं झाडूचं आणि दोन्ही कडांना फूटभर खडीचा पट्टा घेतला असता, बाहेरून जांभ्याच्या चिऱ्याची कड. शिवाय उंबऱ्यासमोर चार बाय चार फुटांचा गुळगुळीत तुकडा. उघड्या खडीवर रांगोळी उमटत नाही, पावडर फटीत बसते आणि रेघ तुटते. घरातल्या बायकांना हे पहिल्याच दिवाळीत कळतं, पुरुषांना कुणीतरी सांगावं लागतं. पोरं दिवाळीचा किल्ला कुठं करतात तेही विचारून घ्या. किल्ल्याची ओली माती रंगीत काँक्रीटवर पंधरा दिवस राहिली की डाग निघता निघत नाही. त्यांना एक कोपरा मातीचाच सोडा.

सांधे हीच अर्धी नक्षी

काँक्रीट आकसतं, त्यामुळं चीर पडणारच. ती आपण सांगू तिथं पडावी म्हणून सांधे कापतात. चार इंचांच्या थराला आठ ते दहा फुटांवर सांधा, खोली एक इंच. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कटर फिरला पाहिजे, आठवडाभर थांबलं तर चीर आपली जागा आधीच निवडून मोकळी होते. चौकोन शक्यतो समान बाजूंचे ठेवा. शंकरपाळीसारखे तिरके सांधे फोटोत झकास, पण कडेला जे अणकुचीदार त्रिकोण उरतात त्यांची टोकं आधी तुटतात.

चेंबरच्या झाकणाकडं बारीक लक्ष द्या. काँक्रीटच्या मधोमध चौकोनी झाकण असलं की त्याच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते, हे बेळगावात कुठल्याही गल्लीत बघायला मिळेल. सांध्याची रेघ झाकणाच्या कडेवरूनच न्या, मग चीरही तिथंच जाते. आणि ओतण्याआधी वाटेखालून तीन-चार इंची पीव्हीसी पाइपचा एक आडवा तुकडा रिकामा टाकून ठेवा, दोन्ही तोंडं बांधून. उद्या नळाची लाइन, गेटच्या लाइटची वायर काहीही असो, फोडावं लागत नाही. रंगीत काँक्रीटचं ठिगळ मूळ रंगाला कधीच जुळत नाही.

रंग

तांबड्या मातीच्या गावात फिकट राखाडी घेऊ नका, पहिल्या पावसात भिंतीकडचे दोन फूट गुलाबी होतात. विटकरी नाहीतर गडद राखाडी घ्या. अथणीकडं काळा टाळा, एप्रिलात पाय ठेववत नाही. रंग सबंध काँक्रीटमध्ये मिसळणार असाल तर ऑक्साइड वजन करून घाला, 50 किलोच्या पोत्याला अडीच किलोपर्यंत. मुठीनं टाकलं की दर घमेल्याची छटा वेगळी. सिमेंटही पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच कंपनीचं.

नमुना टाकून घ्या

ठरवण्याआधी परसात दोन बाय दोन फुटांचा तुकडा टाकून मागा, त्याच मिश्रणाचा, त्याच सीलरसकट. दहा दिवस पाणी द्या, वाळू द्या. मग त्यावर बादली ओता आणि घरातल्या सगळ्यात जुन्या, झिजलेल्या चपलेनं चालून बघा. इंजिन ऑइलचा थेंब टाका, रात्रभर ठेवा, साबणानं घासा. स्कूटर साइड स्टँडवर लावा. कारागीर कुरकुर करेल. त्या तुकड्याचे पैसे वेगळे द्या, पण तो टाकूनच घ्या.

ओतायचा दिवस

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत काम उरका. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचा पाऊस कधी येईल सांगता येत नाही आणि ताज्या छापावर दहा मिनिटांची सर पुरे होते. पोत्याला 25 लिटरपेक्षा जास्त पाणी घालू देऊ नका. मजुरांना पातळ काँक्रीट ओढायला सोपं जातं, म्हणून हळूच एक बादली जास्त पडते. तुम्ही तिथं उभे असाल तर पडत नाही. बाजारात बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंटच मिळतं, त्याला दहा दिवस ओलावा द्या. साध्या फिनिशवर ओलं गोणपाट चालतं, रंगीत असेल तर गोणपाटाचे डाग उतरतात, तिथं क्युरिंगचं, म्हणजे आतला ओलावा धरून ठेवणारं रसायन फवारून घ्या. कार दहा दिवसांनी, जड गाडी 28 दिवसांनी.

पहिल्या रात्री गेटाला कुलूप लावा आणि खालच्या फटीत फळी अडकवा. माझ्या अंगणात त्या महागड्या दगडी छापावर पोर्चपासून गेटपर्यंत मांजराची सतरा पावलं आहेत. पाहुणे आले की सगळ्यात आधी तीच बघतात.