सरबत, सोलकढी, कोल्ड कॉफीचा धंदा सुरू करताय? या चुका टाळा

मी कुडाळजवळच्या गावचा, आणि गेली नऊ वर्षं कोकमावर पोट आहे. गावात अमृत कोकम (सरबताचं गोड सिरप) आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस) बनवतो, पुण्यात एक छोटं काउंटर आहे जिथे सोलकढी, कोकम सरबत, कोल्ड कॉफी मिळते. दर आठवड्याला एखाद्या तरी नवीन मुलाचा फोन येतो की दादा, असंच काहीतरी सुरू करायचंय, आणि खरं सांगतो, त्याच त्याच चुका ऐकून जीव तुटतो, कारण त्यातल्या बऱ्याच मी स्वतः केल्यात आणि त्यात घरचे पैसे गेलेत. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतोय.

सगळ्यात मोठी चूक, टिकाऊपणा न तपासता बाटली बाजारात आणणं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. गिऱ्हाईक सारखं म्हणायचं की सरबत छान आहे पण गोड फार, हल्ली लोक साखर कमी खातात. मला ते पटलं. अमृत कोकम म्हणजे मुळात कोकमाच्या ताज्या साली आणि साखर थरावर थर लावून बरणी उन्हात ठेवायची, साखर विरघळून जो रस सुटतो तो. आई फुलपात्राने मापायची, एक साल तर दोन साखर. मी ते एकास एकच्या जवळ आणलं. आई तेव्हाच म्हणाली होती, "साखर कमी करू नको, साखरच तेका राखता." मी ऐकलं नाही. चव सुंदर आली होती, थंडाव्यात ठेवलेली नमुन्याची बाटली महिनाभर व्यवस्थित राहिली, म्हणून एप्रिलमध्ये ७०० मिलीच्या २४० बाटल्या भरल्या आणि मे महिन्यात पुण्याच्या एका प्रदर्शनात नेल्या. पहिल्या दोन दिवसांत ९६ गेल्या, मी खुशीत. तिसऱ्या दिवशी सकाळी स्टॉलवर आलो तर खालच्या खोक्यातल्या बाटल्या सरळ उभ्या राहीनात, बूड फुगून गोल झालेलं. एक उघडली तर फस्स करून फेस आणि ताडीसारखा वास. दुपारी एका काकूंचा फोन आला, झाकण फिरवल्याबरोबर लाल सरबत थेट स्वयंपाकघराच्या छतावर उडालं होतं, घरात लहान नात होती. ते ऐकून माझे हातपाय गार पडले. प्लास्टिकच्या ऐवजी काच असती तर काय झालं असतं हा विचार आजही येतो. ज्यांचे नंबर होते त्या सगळ्यांना फोन करून बाटली फेकायला सांगितली, पैसे परत केले, उरलेल्या १४४ गटारात ओतल्या.

कारण अगदी साधं आहे. साखर पुरेशी असली की यीस्टला वापरायला मोकळं पाणीच उरत नाही, कमी झाली की आंबायला सुरुवात होते आणि आंबलं की गॅस. फळांच्या सिरपला विद्राव्य (विरघळलेले) घनपदार्थ, मुख्यतः साखर, ६५ टक्के असावे लागतात, म्हणजे ६५ ब्रिक्स. माझं नंतर मोजलं तर ५२ निघालं. थंडाव्यात ते ५२ चाललं, मे महिन्यातल्या टेम्पोत नाही चाललं.

आता माझी सवय सांगतो. ब्रिक्स मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, छोटी हातात धरायची नळी असते, काचेवर थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. पण घेताना नीट बघा, बाजारात सहज मिळतो तो ० ते ३२ वाला असतो, तो द्राक्षं-डाळिंबं तपासायला ठीक, सिरप त्याच्या पट्टीत मावतच नाही, आपल्याला ० ते ९० वाला लागतो. प्रत्येक घाण्यातल्या सहा बाटल्या मी विकत नाही. दोन फ्रीजमध्ये, दोन फळीवर, दोन माळ्यावर पत्र्याखाली जिथे एप्रिलमध्ये हात लावला तर चटका बसतो. पंधरा दिवसांनी, महिन्याने, दोन महिन्यांनी, तीन महिन्यांनी बघायचं, वास घ्यायचा, वहीत लिहायचं. नवीन रेसिपी मी एक अख्खा उन्हाळा काढल्याशिवाय विकायला काढत नाही. हे सांगितलं की समोरचा म्हणतो, पण दिवाळीला लाँच करायचंय. अरे मग पुढच्या दिवाळीला कर ना. ज्याला सहा महिने दम धरवत नाही त्याने बाटलीबंद मालात पडू नये, ताजं विकावं, हे माझं स्पष्ट मत आहे.

याच्याच पोटातल्या दोन छोट्या चुका. एक, गरम सिरप साध्या प्लास्टिकच्या (पेट) बाटलीत भरणं. बाटली आक्रसते, झाकण नीट बसत नाही आणि तिथूनच हवा जाते. गरम भरायचं तर काच. दुसरं, कुणीतरी सांगतं म्हणून केएमएस हे प्रिझर्व्हेटिव्ह टाकणं. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट लिंबाला, आंब्याला ठीक आहे पण कोकमाचा लाल रंग ते उडवतं, मग रंग गेला म्हणून वरून लाल रंग टाकणारे मी पाहिलेत. कोकम, जांभूळ, डाळिंब यांना सोडियम बेंझोएट, तेही ठरलेल्या मर्यादेतच. प्रिझर्व्हेटिव्ह टाकणं हे पाप नाही, पण घाणेरडी बाटली आणि कमी साखर झाकायला त्याचा दुप्पट डोस टाकणं हे मात्र गिऱ्हाइकाला फसवणं आहे.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे कॉस्टिंग. "दादा, ग्लासला चोवीस रुपये सुटतात" असं मला कुणी म्हणालं की मी वही मागतो, आणि वही नसतेच.

माझंच उदाहरण देतो. २०२५ मध्ये नारळ भडकला तेव्हा मी सोलकढी ५० रुपयांना विकत होतो. मला एक नारळ ४५ ला पडत होता, माझ्या घट्टपणाला एका नारळात तीन ग्लास होतात, म्हणजे १५ रुपये. आगळ साडेचार, लसूण-मिरची-कोथिंबीर दोन, बर्फ एक. झाले साडेबावीस. कप आणि झाकण चार. म्हणजे साडेसव्वीस, आणि ५० ला विकतोय, साडेतेवीस सुटतात असं मीही वर्षभर म्हणत होतो. मग एका रविवारी बसून दिवसाचा हिशोब मांडला. रोज ६० ग्लासांची सोलकढी करत होतो, विकली जायची ५२, कारण नारळाचं दूध संध्याकाळपर्यंत उतरतं आणि उतरलेली सोलकढी मी देत नाही. म्हणजे माल ६० चा, १३५० रुपये. कप ५२ चे, २०८. मुलाचा पगार १५ हजार, २६ दिवसांनी भागला तर रोजचे ५७७. भाडं १८ हजार, रोजचे ६९२. एकूण २८२७. गल्ला किती, ५२ गुणिले ५०, २६००. रोज सव्वादोनशे रुपये खिशातले घालून मी लोकांना सोलकढी पाजत होतो, आणि सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत उभा राहून माझा स्वतःचा पगार यात कुठेच नव्हता! कोल्ड कॉफीने ते खड्डे भरत होते म्हणून कळत नव्हतं इतकंच.

मी दोन गोष्टी केल्या. भाव सरळ ७० केला, आणि नारळ दिवसातून दोनदा फोडायला लागलो, सकाळी एकदा आणि चार वाजता अंदाज घेऊन एकदा. सगळे म्हणाले गिऱ्हाईक तुटेल. थोडं तुटलंच, विक्री ४६ वर आली. पण आता करतो ४८, फेकतो दोन, आणि सगळा खर्च वजा जाता रोजचे ६८७ हातात राहतात. तोच हिशोब कागदावर ताबडतोब दिसतो, डोक्यात कधीच दिसत नाही. म्हणून वही. अॅप नको, एक्सेल नको असं मी म्हणत नाही, जमत असेल तर करा, पण काउंटर बंद करताना "केले किती, विकले किती, फेकले किती" हे तीन आकडे हाताने लिहिल्याशिवाय मी शटर ओढत नाही.

डिलिव्हरी अॅपवर जाताना हाच हिशोब परत करा. कमिशन जातं, त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी जातो, आणि ते "आम्ही डिस्काउंट चालवतो" म्हणतात तेव्हा त्यातला वाटा कुणाच्या खिशातून जाणार आहे हे लेखी विचारा. आणि सोलकढी पाठवूच नका, स्कूटरवर हिंदकळून पाणी वेगळं आणि दूध वेगळं होऊन पोचते, वर एक स्टार मिळतो तो वेगळाच.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. फूड लायसन्सशिवाय एक ग्लासही विकू नका. मी सुरू केलं तेव्हा १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला साधं रजिस्ट्रेशन होतं, सरकारी फी वर्षाला १०० रुपये, आणि एका एजंटने माझ्याकडून त्याचे तीन हजार घेतले. फॉर्म ऑनलाइन आहे, स्वतः बसा, आजचे नियम तिथेच वाचा. बाटलीवर फूड लायसन्सचा चौदा आकडी नंबर, हिरवा ठिपका, घटक पदार्थ, बॅच नंबर, तारखा, निव्वळ माप, सर्व करांसहित एमआरपी आणि तक्रारीसाठी फोन नंबर हवाच. लेबल छापायच्या आधी हे करा, मी पाच हजार लेबलं रद्दीत घातली आहेत. शॉप अॅक्टमध्ये मोजकीच माणसं असतील तर नुसती सूचना द्यायची असते, घाबरायचं काम नाही. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर दुकानात लावू नका, १९ किलोचा घ्या, दोन पैसे वाचवायला हे करणारे लोक बघून मला खरंच राग येतो, शेजारच्या दुकानात पण माणसंच असतात.

जीएसटीचं एक सांगतो कारण यात मुलं फसतात. कॅफेत बसून विकलं की ५ टक्के लागतो पण त्यात इनपुट क्रेडिट नाही. म्हणजे कॉफी मशीनवर, फ्रीजवर भरलेला जीएसटी परत येत नाही, तो तुमचा खर्चच. मशीनचं कोटेशन बघताना "वरचा टॅक्स मिळेल परत" असं धरून ईएमआय बसवला की महिन्याचं गणित पहिल्याच दिवशी चुकलेलं असतं. आणि कोकम सोडा बाटलीत भरायचं ज्यांच्या मनात आहे त्यांनी आधी सीएला विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून फळांच्या रसाची साधी पेयं १२ वरून ५ टक्क्यांवर आली, पण त्यात गॅस भरला की ४० टक्के. तीच बाटली, तेच कोकम. सोडा काउंटरवर गिऱ्हाइकासमोर फोडून घाला, मी तेच करतो.

दुकानात माल "ठेवून जा, विकला की पैसे" या बोलीवर ठेवू नका. पहिल्या बारा बाटल्या रोख, मग बघू. रोख घेतलेला माल दुकानदार पुढच्या फळीवर लावतो, फुकट ठेवलेला माल मागे धूळ खातो आणि तारीख उलटल्यावर तुमच्याच गळ्यात परत येतो.

मेनू लांब करू नका. आठ पेयं पुरेत. प्लास्टिक स्ट्रॉ १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे, जुना स्टॉक स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. नातेवाइकांना फुकट पाजलेलं पण वहीत लिहा.

बर्फ. यात तडजोड अजिबात नको. लादीचा बर्फ स्वस्त पडतो, पण मासे ठेवायला बनवलेला बर्फ कुठल्या पाण्याचा असतो हे त्या कारखान्यालाच माहीत. खायचा नसलेला बर्फ निळा रंगवायचा असा नियम २०१८ साली आला तो याचसाठी. उन्हाळ्यात काविळीची एक बातमी आली की अख्ख्या रस्त्यावरची सरबताची दुकानं बसतात, ज्याने चूक केली त्याचंच नाही. मी क्यूबचं छोटं मशीन आणि चांगला फिल्टर घेतला, काउंटरला नवीन बोर्ड लावायच्या आधी.

आणि कोकमाचंच करणार असाल तर सुरुवात कॅलेंडरने करा. फळ एप्रिल-मे मध्ये उतरतं, पाऊस सुरू झाला की सडायला लागतं, वर्षभराचं आगळ त्या पाच-सहा आठवड्यांतच घालावं लागतं. ऑक्टोबरात फोन करून आगळ शोधणाऱ्याला मिळतं ते दुसऱ्याच्या भावाने आणि बऱ्याचदा दुसऱ्याने पाणी आणि मीठ वाढवलेलं. तेव्हा मे महिन्यात चार दिवस काढून कुडाळ-सावंतवाडीकडे या, दोन-तीन घरांमध्ये बसून साली काढताना बघा, आगळ बोटावर घेऊन चाखा. नुसतं खारट लागलं आणि आंबटपणा मागून रेंगाळला नाही तर तो कॅन उचलू नका, कितीही स्वस्त देत असले तरी.