तळ्यात पाय घालण्याआधी अंगाला काय लावायचं, कसं लावायचं

आफ्रिकेतल्या मलावी किंवा व्हिक्टोरिया सरोवरात उतरून काम करणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट बजावते: शिस्टोसोमियासिस या जंतांच्या आजारापासून वाचायला लोशन जरूर लावा, पण त्याच्या भरवशावर पाण्यात शिरू नका. खरी भिस्त मांडीपर्यंतच्या गमबुटांवर आणि हातमोज्यांवर, लोशन त्यांच्या जोडीला.

हा आजार व्हायला पाण्याचा घोट पोटात जायचीही गरज नसते. त्याच्या अळ्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायींतून बाहेर पडतात. आपल्या त्वचेवरची स्निग्धाम्लं जाणवली की त्या चिकटतात आणि काही मिनिटांत आत शिरतात. पुढे रक्तवाहिन्यांत त्यांचे जंत होतात. थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरांना कैरोत १८५१ साली सापडला तो याच कुळातला जंत.

डासांना दूर ठेवणाऱ्या लोशनमधलं डीट हे रसायन या अळ्यांनाही अडवतं. पण साधं डीट त्वचेत मुरतं, पाण्यानं धुऊनही जातं. लायपोसोममध्ये, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत, बांधलेलं डीट जास्त टिकतं आणि उंदरांवरच्या प्रयोगांत त्यानं संसर्ग रोखला आहे. माणसाला मात्र कुठलंच लोशन खात्रीचं संरक्षण देत नाही. गोगलगायी मारायचं निक्लोसामाइड तर अंगाला फासायच्या फंदात पडूच नका.

लावताना पाय अगदी कोरडे हवेत. बोटांच्या बेचक्या, टाचेच्या मागची खाच, गुडघ्यामागची वळी, हातमोजा संपतो ती मनगटाची कड, माणसं नेमकी याच जागा सोडतात. तिथे बोटानं चोळून लावा. सनस्क्रीन लावणार असाल तर ते आधी, डीट नंतर. जखमेवर, डोळ्यांजवळ, ओठांवर नको. डीटनं प्लॅस्टिक खराब होतं, म्हणून चष्म्याला हात लावण्याआधी बोटं पुसा.

या सरोवरांत अळ्या भर दुपारी सर्वाधिक सुटतात, तेव्हा काम सकाळी लवकर उरका. बाहेर आलात की लगेच टॉवेलनं खसाखसा अंग पुसा. त्यानं थोडी मदत होते, तेवढ्यावर विसंबू नका. लोशन नव्यानं लावल्याशिवाय परत उतरू नका. आंघोळीला तळ्यातलं ताजं पाणी घेऊ नका. एक मिनिट खळखळ उकळून गार केलेलं किंवा दोन दिवस झाकून साठवलेलं घ्या.

आणि कृपा करून, खाज आली नाही म्हणून निर्धास्त राहू नका. पाण्याशी शेवटचा संपर्क आल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करा आणि कुठल्या पाण्यात उतरला होतात ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. प्राझिक्वांटेल हे या जंतांवरचं औषध चांगलं आहे, पण कोवळ्या जंतांवर ते नीट चालत नाही, म्हणून घाईनं आधीच घेऊन टाकण्यात अर्थ नाही.