तोड झाली, काडी मात्र खिशातच ठेवा

उसाची शेवटची मोळी गाडीत चढते, वाढी म्हणजे हिरवे शेंडे बैलांसाठी जातात आणि फडात मागे उरते गुडघाभर पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने. पुढच्या दोन-चार दिवसांत बांधावर कुणीतरी काडी ओढतो. त्याचीही कारणे असतात : पाणी पुढे सरकत नाही, उंदीर होतात, पहारीने खत टाकायला माणूस तयार होत नाही. कारणे खोटी नाहीत, पण प्रत्येकावर उपाय आहे. जाळलेले मात्र परत येत नाही.

आधी हिशेब पाहू. एका एकरात साधारण साडेतीन ते चार टन पाचट निघते. त्यात 28 ते 30 टक्के सेंद्रिय कर्ब, अर्ध्या टक्क्याच्या आसपास नत्र आणि टक्काभर पालाश असतो. म्हणजे जवळपास एका गोणी युरियाइतके नत्र आणि टनावर कर्ब. पेटवले की नत्र आणि कर्ब धुरात जातात, पालाश राखेत उरतो आणि तीही वाऱ्यावर. शिवाय जमिनीत उरलेल्या बुडख्यांचे वरचे डोळे भाजतात ते वेगळेच.

‘एका वर्षात कर्ब वाढला का?’ हा प्रश्न हमखास येतो. वरच्या 15 सेंटिमीटर थरात एकरी सुमारे 9 लाख किलो माती असते. कर्ब 0.40 टक्क्यांचा 0.50 टक्के व्हायचा तर 900 किलो कर्ब मातीत टिकून राहावा लागतो. पाचटातून आपण टनभर देतो खरा, पण जिवाणू त्यातला बहुतांश खाऊन कर्बवायूच्या रूपात सोडतात. टिकते ते थोडे. त्यामुळे एका हंगामात अहवालातला आकडा हलला नाही तर नाराज होऊ नका. एका वर्षात कर्ब दुप्पट करून देणारी बाटली कुणी विकायला आला, तर हेच गणित त्याच्यासमोर मांडा.

आता कामाचा क्रम. तोड झाल्यावर बुडख्यांवरचे पाचट बाजूला करून सरीत दाबा. बुडखे उघडे राहिले पाहिजेत, सूर्यप्रकाश मिळाला तरच फुटवा जोमदार येतो. उंच राहिलेले बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा आणि त्यावर 0.1 टक्का कार्बेन्डाझिमची फवारणी करा. ट्रॅक्टरचे पाचट कुट्टी यंत्र मिळत असेल तर उत्तमच. तुकडे लवकर कुजतात, पाणीही अडत नाही.

मग एक टन पाचटाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणू. चार टनांना 32 किलो, 40 किलो आणि 4 किलो. युरिया चुकवू नका. पाचटात नत्राच्या मानाने कर्ब साठपट किंवा त्याहून जास्त असतो. एवढा कर्ब पचवायला जिवाणूंना नत्र लागते. आपण दिले नाही तर ते जमिनीतले उचलतात आणि खोडवा, म्हणजे बुडख्यांतून फुटलेला पुढचा ऊस, पिवळा पडतो. मग दोष पाचटाला! युरिया कोरड्या पाचटावर तसाच ठेवला तर त्यातले नत्र हवेत उडते, चुनखडीच्या रानात जास्तच. म्हणून त्याच दिवशी पाणी द्या. जिवाणू या रासायनिक खतांत मिसळू नका. चांगल्या कुजलेल्या शेणखतात कालवून वेगळे पसरा.

महिना-दीड महिन्याने सरीतले पाचट हाताने उचलून बघा. खालचा थर काळपट, ओलसर, त्यात पांढरे बुरशीचे धागे आणि मातीवर गांडुळांची विष्ठा दिसली, तर काम नीट चालले आहे. वरून खाली सगळे कोरडे, कडकड मोडणारे असेल तर ओल कमी पडली आहे.

या खोडव्यात बगला फोडायच्या नाहीत, म्हणजे नांगराने वरंब्याच्या बाजू मोडायच्या नाहीत, खत पहारीने द्यायचे. शिफारस एकरी 100 किलो नत्र, 46 किलो स्फुरद, 46 किलो पालाश. निम्मे तोडीनंतर 15 दिवसांत, निम्मे 135 दिवसांनी. बुडख्यापासून 10-15 सेंटिमीटरवर, 15-20 सेंटिमीटर खोल, दोन छिद्रांत फूटभर अंतर. पहिला हप्ता एका बाजूला, दुसरा विरुद्ध बाजूला, आणि छिद्र मातीने बुजवा. कंटाळवाणे काम आहे, पण खत मुळाशी पडते.

शेजारच्या रानातून ठिणगी येते, हे आधीच धरून चाला. बांधालगत आणि विजेच्या तारांखाली पाचट ठेवू नका, पहिले पाणी लांबवू नका.

गवताळ वाढ (गवतासारखे बारीक फुटवे येणारा रोग) किंवा हुमणी (मुळे खाणारी अळी) जास्त असलेल्या फडाचा खोडवा ठेवण्यात अर्थ नाही.

माती परीक्षणाचा नमुना खत टाकण्याआधी काढा. वरचे पाचट बाजूला सारा, न कुजलेले तुकडे वेचून टाका, नाहीतर कर्ब उगाच जास्त दिसतो. शेताच्या 8-10 ठिकाणची माती सावलीत वाळवून, मिसळून अर्धा किलो पाठवा. तीन वर्षांनी पुन्हा काढाल तेव्हा महिना आणि प्रयोगशाळा तीच ठेवा. अहवालात सेंद्रिय कर्ब 0.41 ते 0.60 टक्के म्हणजे मध्यम. मुक्त चुन्याचा, म्हणजे जमिनीतल्या चुनखडीचा, आकडा वेगळा असतो, तो बघून कर्ब भरपूर आहे असे समजू नका. अहिल्यानगर-सोलापूरकडच्या रानांत ही गल्लत नेहमी होते.

15 फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा खोडवा शक्यतो ठेवू नये. पण पाचट तेव्हाही जाळू नका. कुट्टी करून, वरचेच प्रमाण वापरून नांगरटीत गाडा आणि पावसाच्या तोंडावर एकरी 20-25 किलो ताग पेरा. फुलकळीला आला की 45-50 दिवसांत तोही गाडायचा. उशीर केलात तर खोड जून होते आणि कुजायला वेळ घेते.