उलट्या-जुलाब घरी आवरताना: ओआरएसचं माप आणि चमच्याचा वेग

पाण्यासारखे जुलाब, त्याआधी किंवा सोबत उलट्या, पोटात कळा, थोडा ताप, अंगदुखी असं सगळं एकदम सुरू झालं की बहुतेक वेळा कारण विषाणू असतो. मोठ्यांत बहुधा नोरोव्हायरस, लहान मुलांत रोटाव्हायरसही. नोरोव्हायरसचा जोर एक ते तीन दिवसांत ओसरतो, रोटाव्हायरसचे जुलाब तीन ते आठ दिवस चालतात. या विषाणूंना मारणारं औषध नाही आणि अँटिबायोटिकचा त्यांच्यावर काडीचाही परिणाम होत नाही. जिवाला धोका होतो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. ते भरून काढणं घरातल्या कुणालाही जमतं, फक्त माप चुकता कामा नये आणि घाई करता कामा नये.

माप आधी. मेडिकलमधून ओआरएसचं, म्हणजे पाण्यात कालवायच्या क्षार-ग्लुकोजच्या पावडरीचं, पाकीट घेताना त्यावर ‘डब्ल्यूएचओ फॉर्म्युला’ लिहिलंय का ते बघा. एक लिटरच्या पाकिटात मीठ 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 1.5 ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम असतं. खोक्यातली गोड, फळांच्या चवीची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली. नुसत्या ग्लुकोज पावडरीत मीठच नसतं, तीही चालत नाही.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे एक लिटरच्या पाकिटातली पावडर अंदाजाने ग्लासात टाकणं. पावडर पाकिटात सारखी मिसळलेली असेलच असं नाही, त्यामुळे अर्ध्या पाकिटात मीठ किती आलं हे कळत नाही. एक लिटरची पाण्याची बाटली मापाला घ्या, उकळून गार केलेलं पाणी पातेल्यात ओता, अख्खं पाकीट त्यात रिकामं करा आणि तळाशी दाणा राहणार नाही असं ढवळा. ग्लासाला एक हवं असेल तर 200 मिलिलिटरची छोटी पाकिटं मिळतात. वरून साखर घालू नका, कालवल्यावर उकळू नका, झाकून ठेवा आणि 24 तासांनी उरलेलं ओतून द्या.

रात्री दुकान बंद असेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा 5 मिलिलिटरचा हवा. घरातले स्टीलचे चमचे लहानमोठे असतात, म्हणून औषधाच्या मापाशी ताडून बघा. चमच्यावरची शीग सुरीच्या पाठीने सपाट करा. पाणी चाखल्यावर अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ते टाकून पुन्हा करा.

मापाबद्दल इतका आग्रह का? लहान आतड्याच्या अस्तरातून मीठ आणि ग्लुकोज जोडीने आत घेतले जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. विषाणूने अस्तर खराब केलं तरी ही वाट बरीचशी सुरू राहते. साखर जास्त झाली तर पाणी उलट आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. मीठ जास्त झालं तर रक्तातलं सोडियम चढतं, लहान बाळाला झटकेही येऊ शकतात. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन अपुरं पडल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या (कॉलऱ्याच्या) रुग्णांना असंच पाणी नातेवाइकांच्या हातून पाजायला लावलं, आणि सुमारे 30 टक्के असलेलं मृत्यूचं प्रमाण 4 टक्क्यांच्या खाली आलं.

आता वेग. ‘पोटात काही टिकतच नाही’ असं म्हणतात तेव्हा बहुधा तहानेने अर्धा ग्लास एका दमात प्यायलेला असतो. ताणलेलं पोट ते परत फेकतं. उलटी झाली की दहा मिनिटं थांबा आणि मग एक चमचा, दोन मिनिटांनी पुन्हा एक चमचा. कंटाळवाणं वाटतं, पण तासाभरात 150 मिलिलिटर आत जातं आणि त्यातलं बरंचसं टिकतं. उलटी थांबली की घोट वाढवा. दर पातळ जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला 50 ते 100 मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला 100 ते 200, मोठ्यांना मागतील तेवढं. पाणी दिलं की जुलाब वाढतात, ही समजूत मनातून काढून टाका. जुलाब होतच राहतात, पण माणूस सुकत नाही.

लंघन नको. बाळाचं अंगावरचं दूध एकदाही चुकवू नका. इतरांना भूक लागली की मऊ भात, मुगाच्या डाळीची खिचडी, मीठ घातलेली तांदळाची पेज, केळं, दही, ताक द्या. शहाळ्यात सोडियम कमी असतं, त्यामुळे ते चालतं पण ओआरएसच्या जागी नाही. कोल्ड्रिंक आणि पॅकेटमधले ज्यूस बंद. मोठ्यांना काही दिवस दूध पचलं नाही तर घाबरू नका, अस्तर भरून आलं की पचतं.

मुलांना झिंक द्या. आपल्या सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम आणि दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला 10 मिलिग्रॅम, 14 दिवस. जुलाब थांबले तरी मध्येच सोडायचं नाही. आशाताईंकडे, अंगणवाडीत ओआरएससोबत गोळ्या मिळतात. तापाला पॅरासिटामॉल पुरे. अंग सुकलेलं असताना आयबुप्रोफेन मूत्रपिंडाला जड जातं. जुलाब बांधणारी लोपरामाइडची गोळी मुलांना अजिबात नको.

पुढचं काही दिसलं तर घरी थांबू नका: सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल, बाळाची टाळू आत गेलेली, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू सपाट होते, झोपाळूपणा किंवा पिण्याची ताकद नाही, शौचात रक्त, हिरवी उलटी, खूप ताप, पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला सतत दुखणं. तांदळाच्या धुवणासारखे भरभरून जुलाब होत असतील तर पटकीची शंका घ्या. सहा महिन्यांखालचं बाळ, गरोदर बाई, वयस्कर माणूस यांच्या बाबतीत डॉक्टरांना लवकर विचारा. मधुमेहाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्या घ्यायच्या की थांबवायच्या हे त्याच दिवशी विचारून घ्या.

घरात एकापाठोपाठ एक आजारी पडतात ते हातांमुळे. सॅनिटायझर नोरोव्हायरसवर नीट चालत नाही, साबण आणि वाहतं पाणीच हवं. उलटी सांडली तर आधी कागदाने उचला, मग 5 टक्क्यांचं ब्लीच 20 मिलिलिटर एक लिटर पाण्यात घालून फरशीवर दहा मिनिटं राहू द्या. त्यात अ‍ॅसिडचं टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. आजारी माणसाने लक्षणं थांबल्यावरही पूर्ण दोन दिवस स्वयंपाक करू नये, डबे भरू नयेत. मुलांनाही तोवर शाळेत पाठवू नका.

रोटाव्हायरसची लस सरकारी लसीकरणात 6, 10 आणि 14 आठवड्यांना तोंडावाटे मोफत मिळते. राहून गेली असेल तर बाळ एक वर्षाचं व्हायच्या आत पहिला डोस घेता येतो.