वरची फळी तडकली तेव्हा

परभणीच्या आमच्या वाड्यातल्या सागवानी तुळया चिरून टीव्हीचं कपाट घरीच केलं. जुनं लाकूड, आता काय हलणार, असं वाटलं. पावसाळ्यात जोडलं. मे महिन्यात पारा ४३ वर गेला अन् एका रात्री टक्‌कन आवाज! वरची १८ इंची फळी मधोमध तडकली.

चूक माझीच. लाकूड लांबीत फारसं हलत नाही, पण रुंदीत फुगतं, आक्रसतं; मी तर फळी चारी बाजूंनी फेविकॉल-स्क्रूनं जखडलेली.

तड्यावरून फळी सरळ चिरली, कडा रंध्यानं जुळवून चिकटवल्या, रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेवली. पाव इंच रुंदी गेली, ती गेलीच. आडपट्ट्यांतली स्क्रूची भोकं रुंदीच्या दिशेनं लांबट केली, वायसर घातले. तिथं फेविकॉल थेंबभरही नाही.