गावाच्या इतिहासाची संशोधन स्पर्धा कशी घ्यावी

इतिहासाची स्पर्धा म्हटली की आपल्याकडे वक्तृत्व, निबंध नाहीतर प्रश्नमंजुषा ठरलेली असते आणि तिन्हींत मुले छापून आलेलेच पुन्हा सांगतात. संशोधन स्पर्धेत निदान चार ओळी तरी अशा याव्यात, ज्या आजवर कुणी लिहिलेल्या नाहीत. जर्मनीत राष्ट्राध्यक्ष गुस्टाव हाइनेमान आणि उद्योजक कुर्ट क्योर्बर यांनी 1973 साली तरुणांसाठी अशी स्पर्धा सुरू केली. ती आजही चालू आहे. तालुक्यापुरती ती एखादी शाळा, वाचनालय किंवा गणेश मंडळही घेऊ शकेल.

आधी विषय ठरवावा आणि तो आटोपशीर ठेवावा. ‘आमच्या गावाचा इतिहास’ असा विषय दिला, तर निम्मे लेख पांडवांनी एका रात्रीत बांधलेल्या देवळापासून सुरू होतील. त्याऐवजी ‘1972 चा दुष्काळ आणि आमचे गाव’ असा विषय द्यावा. दुष्काळी कामांतून पाझर तलाव कुणी बांधला, हजेरी कोण घेई, मजुरी किती मिळे, सुकडी (दुष्काळात वाटलेला पूरक आहार) कुठे वाटली जाई, मिलोची (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची) भाकरी पोटाला मानवली का, या प्रश्नांची उत्तरे पुस्तकात नसतात. ती सत्तरी ओलांडलेल्या माणसांकडे असतात, आणि ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

जूनमध्ये विषय जाहीर करून जानेवारीअखेर लेख मागवावेत, म्हणजे मुलाखतींना दिवाळीची सुट्टी मिळते आणि परीक्षाही आडव्या येत नाहीत.

नावनोंदणी झाली की एक दिवसाची कार्यशाळा घ्यावी. ही पायरी गाळू नये. शाळेचे जनरल रजिस्टर (विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची नोंदवही), ग्रामपंचायतीची इतिवृत्ते, जिल्हा गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) यांतून काय मिळते, हे प्रत्यक्ष पाने उलटून दाखवावे. घरात मोडी कागद सापडल्यास तो जाणकाराकडून वाचून घ्यावा, अंदाजाने अर्थ लावू नये. मुलाखतीपूर्वी परवानगी घ्यावी आणि सांगणाऱ्याचे नाव, वय, तारीख व ठिकाण टिपावे. ‘फार हाल झाले ना?’ असे विचारले तर होकारापलीकडे काही मिळत नाही. ‘त्या उन्हाळ्यात तुम्ही कोणत्या कामावर होता?’ असे विचारले की माणूस बोलू लागतो. बायकांशी मात्र वेगळे बसून बोलावे. खडी फोडायला त्याही होत्या, पण ओसरीवर मुलाखत सुरू झाली की घरातले पुरुषच उत्तरे देतात.

गुणदानाची पद्धत आधीच जाहीर करावी. शंभरपैकी चाळीस गुण मूळ साधनांना, तीस पडताळणीला, वीस मांडणीला आणि दहा कामाच्या नोंदवहीला द्यावेत. मजुरीचा आकडा दोघांनी वेगवेगळा सांगितला आणि मुलाने दोन्ही नोंदवून फरकाचे कारण शोधले, तर त्याला जास्त गुण मिळावेत. सुवाच्य अक्षर आणि रंगीत मुखपृष्ठ यांवर परीक्षकांनी भाळू नये. अंतिम फेरीत दहा मिनिटांची तोंडी परीक्षा घ्यावी. ‘हे तुला कशावरून कळले?’ एवढा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, तरी इंटरनेटवरून उतरवलेला लेख उघडा पडतो.

बक्षीस समारंभाला मुलाखत दिलेल्या ज्येष्ठांनाही बोलवावे आणि लेखाची एक प्रत त्यांच्या हाती द्यावी. उरलेल्या प्रती व ध्वनिमुद्रणे नाव-तारीख घालून गावच्या वाचनालयात जमा करावीत. पुढच्या वर्षीच्या स्पर्धकांना तिथूनच सुरुवात करता येते.